ओटी भरलेलं विमान

कुणी 'बसा' म्हटलं की ते लगेच बसायचे नाहीत. आधी खुर्चीभोवती एक फेरी मारायचे. पाठ धरून हलवून बघायचे, पायांचे सांधे बोटाच्या पेरानं ठोकायचे, खाली वाकून बैठकीची खालची बाजू तपासायचे आणि मग म्हणायचे, "हलत न्हाई. बराबर हाय." तोवर यजमान पाण्याचा तांब्या हातात धरून ताटकळत उभा. एका लग्नात त्यांनी पंगतीतला पाट उलटा करून पाहिला, तर वरमाईला वाटलं, पाटाखाली कुणी काही करणी करून ठेवली की काय. ती बिचारी जेवणं उरकेपर्यंत धास्तावलेली होती.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. गावाला त्याची एक लकब पुरते. तेवढी लकब धरून गाव त्याला आयुष्यभर हसतं आणि त्याच्याबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे असं समजतं.

अंबडच्या बांधकाम कचेरीत ते ओव्हरसियर होते आणि मी कारकून. पोलीस ॲक्शन नुकतीच होऊन गेली होती. निजाम गेला, कचेरीतल्या उर्दूच्या जागी हळूहळू मराठी येऊ लागली, पण ते मला शेवटपर्यंत 'मुन्शीजी' म्हणत राहिले. मी त्यांना साहेब म्हणायचो. तालुक्यातल्या रस्त्यांवरच्या मोऱ्या आणि छोटे पूल त्यांच्या देखरेखीखाली व्हायचे. गवंडी त्यांना वैतागलेले असायचे, कारण बांधलेल्या पुलाभोवतीसुद्धा ते अशीच फेरी मारायचे आणि एखादा दगड मनासारखा बसला नसला तर काढून पुन्हा बसवायला लावायचे. त्यांच्या पुलांना कधी तडा गेल्याचं मी तरी ऐकलं नाही.

फेरीची ही सवय त्यांना हैदराबादेत लागली होती. तिथं शिकत असताना एका जागीरदाराच्या मुलाशी त्यांची दोस्ती झाली. त्या मुलाच्या नादानं ते फ्लाइंग क्लबात जाऊ लागले आणि चक्क विमान चालवायला शिकले. विमानात बसण्याआधी त्याच्याभोवती फेरी मारून एकेक सांधा हलवून पाहायचा, ही तिथली शिस्त. पुढं शिक्षण संपलं, वडील गेले, नोकरी लागली, लग्न झालं. विमान सुटलं. फेरी तेवढी राहिली.

"वरून काय दिसतं हो साहेब?" मी एकदा विचारलं.

"छपरं," ते म्हणाले. "सारी सारखीच दिसतात. आपलं घर कोणतं ते जल्दी सापडत न्हाई. कुणीतरी माळवदावर उभं राहून हात केला तरच सापडतं."

त्यांना फार काही नको होतं. स्वतःच्या हातानं एक लहानसं, एका माणसापुरतं विमान बांधायचं, गावालगतच्या देवीच्या डोंगराला एक वळसा घालायचा, स्वतःच्या माळवदावरून जायचं आणि बायकोनं खालून हात केलेला बघायचा. एवढ्यासाठी या माणसानं आपली उमेदीची वर्षं गोठ्यात घालवली.

गोठा म्हणजे खराखुरा गोठा. जनावरं विकून रिकामा केलेला. तिथं देवदाराच्या फळ्या आल्या, लढाईनंतर मोडीत निघालेलं एक इंजिन सिकंदराबादेहून मालमोटारीतून आलं, मांजरपाटाचे तागे आले. कचेरी सुटली की साहेब गोठ्यात. सांधा बसवायचा, सुकू द्यायचा, हलवून बघायचा, पटला नाही तर सोडवून पुन्हा बसवायचा. मी कधीमधी फळीचं टोक धरायला जायचो. माझ्या हाताला कसब नव्हतं, पण त्यांना बोलायला माणूस लागायचा.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, गोठ्याला 'सवतीचं घर' म्हणायच्या. जेवणाची वेळ झाली की उंबऱ्यातूनच हाक द्यायच्या, "अहो, सवतीचं झालं आसंल तर या आता माझ्याकडं!" त्या गोठ्यात कधी पाऊल टाकायच्या नाहीत. त्यांच्या बोलण्यात थट्टा होती, पण ती थट्टा ऐकून आपल्याला हसू येत नसे.

त्यांना मूल नव्हतं. आपल्याकडं अशा बाईचं काय होतं ते मी तुम्हाला नव्यानं काय सांगायचं? गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असलं की सगळ्या घरांना आवतण जायचं आणि त्यांचं एक घर सोडून जायचं. कुणी तोंडावर वाईट बोलायचं नाही. विसरलं म्हणायचे. हळदीकुंकवाला बोलावलं तरी ओटी भरायची वेळ आली की यजमानीण दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारायची. वहिनी तेवढ्यात काहीतरी निमित्त काढून घरी यायच्या आणि भांडी घासायला घ्यायच्या. घासलेलीच भांडी पुन्हा घासायच्या. गोठ्यात बसून आम्हाला तो आवाज ऐकू यायचा. साहेब हातातलं काम थांबवायचे. 

विमानाच्या नशिबीही बरंच काही आलं. पहिल्यांदा त्यांनी मांजरपाट ताणून बसवला आणि ताठ व्हावा म्हणून त्याला आपली साधी खळ दिली, धोतराला देतात तशी. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेळीनं गोठ्यात शिरून विमानाचं शेपूट खाऊन टाकलं. गाव दोन बाजारांना पुरेल इतकं हसलं. वहिनीसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबांनी शेळीला काही केलं नाही. उरलेलं शेपूट हातात घेऊन शेळीनं कुठून सुरुवात केली ते बघत बसले आणि म्हणाले, "खळ न्हाई चालणार मुन्शीजी. रोगण पाहिजे."

एकदा त्यांनी मला आत बसवलं. एकच बैठक, समोर पायांनी दाबायची आडवी फळी आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक उभा दांडा. "सारा खेळ या दांड्याचा हाय," ते म्हणाले. "पुढं ढकलला की नाक खाली. मागं ओढला की नाक वर. जमिनीवर उतरताना हा मागं आला न्हाई तर संपलं." मी दांडा मागंपुढं करून पाहत होतो, तेवढ्यात माझ्या खिशातला अडकित्ता आत पडला. साहेबांचा चेहरा उतरला. मला खाली उतरवून त्यांनी सगळी बैठक खोलली, अडकित्ता शोधून काढला आणि माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "आत सुटी वस्तू नको, मुन्शीजी. बिलकुल नको. सुटी वस्तू फिरते."

हे बोलणं लक्षात ठेवा. मला विसरता आलेलं नाही.

हैदराबाद राज्य मोडून आपला मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच हिवाळ्यात विमान तयार झालं. गावाबाहेरच्या माळावर ते जमिनीवरच इकडून तिकडं पळवून झालं होतं. एकदा तर ते चाकं सोडून हातभर उठलं आणि पुन्हा अलगद टेकलं. त्या दिवशी साहेब मला म्हणाले, "आता हिला सोडायला हरकत न्हाई." त्या दिवसापर्यंत ते विमानाला 'ते' म्हणत होते. त्या दिवशी पहिल्यांदा 'ही' म्हणाले.

ठरलेल्या सकाळी चांगलाच गारठा होता. पंख सोडवून विमान बैलगाडीत घातलं आणि माळावर नेऊन पुन्हा जोडलं. सगळं गाव लोटलं होतं. हसायलाच आले होते सगळे. एका हॉटेलवाल्यानं तर तिथं चहाची भट्टीही लावली. साहेबांनी फेरीला सुरुवात केली. पंखाची टोकं हलवली, तारा ओढून बघितल्या, शेपूट वरखाली केलं, चाकं ठोकली. लोक कंटाळले. कुणीतरी ओरडलं, "साहेब, प्रदक्षिणा झाली आसंल तर परसाद वाटा!"

आणि तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. वहिनी आल्या होत्या.

नऊवारी लुगडं, नाकात नथ, हातात ताट. ताटात हळदकुंकू, गहू, हिरवा खण आणि नारळ. भल्या सकाळी डोंगर चढून देवीच्या पायाला लावून आणलेला नारळ. साहेब बघतच राहिले. त्या सरळ विमानापाशी गेल्या आणि त्यांनी त्याच्या नाकाला हळदकुंकू लावलं.

"हे काय आणलं?" साहेबांनी विचारलं.

"इतकी वर्सं घरात वाढली," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला होता, सगळ्यांनी ऐकावं असा. "आज घराबाहेर पडून राह्यली. लेकीला रिकाम्या ओटीनं धाडत्यात का कुठं?"

गर्दीत गल्लीतल्या बायकाही होत्या. त्यांच्याकडं न बघता वहिनींनी बैठकीवर खण पसरला, त्यावर गहू ओतले, वर नारळ ठेवला आणि विमानाला हात जोडून वाकून नमस्कार केला. सवतीची त्या दिवशी लेक झाली होती. ज्या बाईला गावानं कुणाची ओटी भरू दिली नाही, तिनं गावादेखत ओटी भरली. कुणालाच हसू आलं नाही. मलाही गहिवरून आलं, ते लपवायचं काही कारण नाही.

मी साहेबांकडं पाहिलं. ते नारळाकडं पाहत होते. मग वहिनींकडं. वहिनी हात जोडून तशाच उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. साहेबांनी नारळ उचलला. मला वाटलं, आता माझ्या हातात देतील. त्यांनी नारळ खणात गुंडाळला आणि बैठकीच्या कडेच्या पट्टीला खणाची गाठ मारली. गाठ ओढून पाहिली. गहू बैठकीवर सांडले, ते तसेच राहू दिले. मग वहिनींना म्हणाले, "माळवदावर जा. हात कर. मला घर सापडलं पाहिजे."

वहिनी लगबगीनं घराकडं निघाल्या. इतकी वर्षं ज्या बाईनं गोठ्याचा उंबरा ओलांडला नाही, ती लुगडं सावरत अक्षरशः पळत गेली.

पंखा फिरला, इंजिन धडधडलं, धुरळा उडाला आणि ते यंत्र माळावरून पळत जाऊन खरोखर वर उठलं. लिंबाच्या झाडाइतकं वर गेलं, मग त्याहून वर. चहावाला भट्टी सोडून पुढं आला. म्हातारी माणसं डोळ्यांवर हात धरून बघत होती. इंजिनाचा आवाज अगदी एकसारखा येत होता. डोंगराच्या बाजूला वळायच्या आधी विमानानं नाक किंचित खाली घेतलं. ते नाक पुन्हा वर आलं नाही. घाईगडबड काही दिसली नाही. उतारावरून गाडी जाते तसं ते खाली खाली येत गेलं आणि शाळूच्या रानात घुसलं.

मी सगळ्यांच्या आधी पोचलो. विमान कलंडलेलं होतं, चाकं मोडली होती, एक पंख मधूनच तुटला होता. साहेब बैठकीतच होते. पाय विचित्र मुडपला होता. मला बघून ते म्हणाले, "मुन्शीजी, नारळ. आधी नारळ काढा."

मी आत पाहिलं. खण पट्टीला लोंबकळत होता. नवा कोरा, ताठ खण. त्याची गाठ सुटली होती. नारळ गडगडत जाऊन दांडा आणि बैठक यांच्या मधोमध अडकला होता, पाचर ठोकल्यासारखा. दांडा मागं यायला जागाच उरली नव्हती. मला तो दोन्ही हातांनी हिसकून काढावा लागला. एवढं सगळं मोडलं, पण नारळ फुटला नव्हता. त्याच्यावरचं कुंकूही तसंच होतं.

"कोटाखाली घ्या," साहेब म्हणाले. लोकांचा आवाज जवळ येत होता. "तिला दिसू देऊ नका. कुणालाच न्हाई."

"पण साहेब, तुम्ही तो आत ठेवलाच कसा? तुम्हीच म्हणाल्ता—"

"काढायचा व्हता," ते म्हणाले. "ती बघून राह्यली व्हती."

मी नारळ कोटाखाली घेतला. दुसऱ्या दिवशी मोटारीनं शहागडला जाऊन गोदावरीत सोडून आलो.

त्यानंतरचं सगळं सांगताना माझं डोकं आजही तापतं. चौकशी झाली. नवीन राज्याचे नवीन साहेब आले, त्यांना हा माणूस कोण, काय, काही ठाऊक नव्हतं. दवाखान्यात खाटेभोवती सगळे उभे होते. मी होतो, वहिनी दाराशी होत्या. साहेबांना विचारलं, विमान पडलं कशानं? त्यांनी एकदा वहिनींकडं पाहिलं आणि सांगितलं, "माझ्या बांधणीत चूक व्हती. सांधा सुटला."

सांधा सुटला! उभ्या जन्मात ज्याचा सांधा सुटला नाही, त्या माणसानं हे आपल्या तोंडानं सांगितलं.

गावाला तेवढंच हवं होतं. 'ते उडलं न्हाई, त्यानं उडी मारली' असं पोरं ओरडायची. साहेब कुबडी घेऊन कचेरीत येऊ लागले तेव्हा कुणीतरी त्यांची खुर्ची हलवून म्हणायचं, "साहेब, बघून घ्या, सांधा सुटल!" हे एक वेळ सोसता आलं असतं. पण वरून हुकूम आला की ज्याच्या बांधणीची खात्री नाही अशा माणसाकडं पुलांचं काम नको. त्यांना गोदामात बसवलं. फावडी, घमेली, डांबराची पिंपं. तालुक्यातले निम्मे पूल ज्याच्या नजरेखाली उभे राहिले, तो माणूस दिवसभर घमेली रचत बसला. खुर्चीभोवतीची फेरी मात्र थांबली. आता 'बसा' म्हटलं की ते मुकाट बसायचे. लंगड्या पायानं फेरी मारवत नसेल, असं लोक म्हणायचे.

आणि वहिनी? वहिनींचं नशीब पालटलं. मोडक्या विमानात खण सापडला, गहू सापडले, पण नारळ सापडला नाही. त्यांनी सगळं रान हुडकलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, नारळ देवीनं घेतला. नवऱ्याच्या बदल्यात नारळ घेतला. माळावर आलेल्या गल्लीतल्या बायकांनी ओटी भरताना आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि एवढ्या उंचावरून पडलेला माणूस जिवंत घरी आलेलाही पाहिला होता. हां हां म्हणता ही गोष्ट गावभर झाली. ज्या घरांतून त्यांना आवतण येत नव्हतं, त्या घरांतून माणसं बोलवायला येऊ लागली. कुणाच्या सुनेचं पोट टिकत नाही, वहिनींच्या हातची ओटी. कुणाची लेक पहिल्यांदा सासरी निघाली, वहिनींच्या हातची ओटी. जाफराबादेहून, तीर्थपुरीहून बायका येऊन बसलेल्या मी पाहिल्या आहेत. वहिनींच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. चालणं बदललं होतं.

त्यांनी नवऱ्याला मनापासून जपलं, हे खरं आहे. पाय शेकायच्या, वेळेवर भाकरी द्यायच्या. पण आलेल्या बायकांना त्या गोष्ट सांगायच्या आणि साहेब पलीकडच्या खोलीत ती ऐकत असायचे. "यांचं काम कच्चं वो," वहिनी म्हणायच्या. "मला आधीपासून धाक व्हता. म्हणून तर देवीच्या पायाला लावून आणला. न्हाईतर कपाळ पांढरं झालं आसतं माझं."

एकदा मी तिथंच बसलो होतो. साहेबांकडून पुलांचं काम काढून घेतल्याचा विषय कुणीतरी काढला. वहिनी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "बरंच झालं बाई. घरचं निभावलं देवीनं. उद्या पूल पडून परक्याचा जीव गेला आसता, तर?"

साहेबांनी कपबशी खाली ठेवली.  मला मात्र राहवेना. त्यांना धरून बाहेर गोठ्यापाशी नेलं आणि म्हणालो, "साहेब, बास झालं. आता मी सांगतो."

"काय सांगता?"

"जे झालं ते."

"तुझ्या ओटीनं मला पाडलं, आसं सांगता तिला?" ते शांतपणे म्हणाले. "सांगा. मंग उद्या तिनं कुणाच्या पोरीची ओटी भरायची? अन् कोणत्या हातानं?"

"पण तुमचं नाव? तुमचे पूल?"

"पूल दुसरा बांधील. बरा बांधील, वाईट बांधील, बांधील."  घरातून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता, त्यात वहिनींचा सगळ्यात मोठा. "तिला बोलावून राह्यलेत मुन्शीजी. पहिली ओटी तिच्या हातची. तुम्ही ऐकलंय ना, पूर्वी भांडी कशी वाजायची?"

 त्यांनी माझ्याकडून वचन वगैरे घेतलं नाही. त्याची गरज नव्हती.

मी याला थोरपणा म्हणत नाही. तुम्ही म्हणाल तर म्हणा. मी त्यांना गोदामात पाहिलं आहे. दुपारच्या वेळी ते दारात येऊन उभे राहायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या नव्या ओव्हरसियरच्या सायकलीकडं बघत राहायचे. कधी आकाशात खूप उंचावरून विमान जायचं. सगळी कचेरी बाहेर येऊन बघायची. ते आत जायचे. माणूस हसतमुखानं झिजतो वगैरे बोलायला ठीक आहे. हे हसतमुखानं झिजले नाहीत. कडवट होत गेले, तुसडे होत गेले, घमेली मोजणाऱ्या मजुरांवर विनाकारण खेकसू लागले. शेवटी शेवटी माझ्याशीही नीट बोलत नसत. त्यांचं गुपित मला ठाऊक होतं आणि मी समोर आलो की त्यांना ते आठवायचं, असं मला वाटतं.

महाराष्ट्र झाल्याचे पेढे कचेरीत वाटले गेले त्याच उन्हाळ्यात ते गेले. पेढा त्यांनी घेतला होता, खिशात ठेवला होता. चार दिवस ताप आला आणि संपले. कचेरीतली आम्ही माणसं खांदा द्यायला गेलो. तिरडीचे बांबू बांधत होते, तेव्हा गर्दीत कुणीतरी हळूच म्हणालं, "नीट बांधा रे, सांधा सुटल." मी वळून पाहिलं. कोण म्हणालं ते कळलं नाही. कळलं असतं तर त्या दिवशी तिथं मारामारी झाली असती.

दिवसपाणी उरकल्यावर वहिनींनी मला बोलावणं धाडलं. कपाळ मोकळं, हात मोकळे. आता त्यांच्या हातची ओटी कुणाला चालणार नव्हती. दारातली बायकांची वर्दळ एका दिवसात थांबली होती. म्हणजे ज्याच्यासाठी त्या माणसानं आपलं नाव घालवलं, ते त्याच्यासोबतच चितेवर गेलं. हा हिशेब साहेबांनी कधी केला होता की नाही, देव जाणे. मला तरी तोवर सुचला नव्हता.

"त्या गोठ्यातलं लाकूड काढायचंय," वहिनी म्हणाल्या. "पावसाळा तोंडावर आलाय. जळणाला व्हईल."

लाकूडफोड्या आला होता. रानातून उचलून आणलेला विमानाचा सांगाडा इतकी वर्षं गोठ्यात तसाच पडून होता. छपर गळून त्याच्यावर पाणी पडलं होतं, कापड कुजून गेलं होतं, उंदरांनी बैठक कुरतडली होती. लाकूडफोड्यानं आधी सांधे सोडवायला घेतले. पहार घातली, हातोडा मारला. मग घाम पुसत म्हणाला, "बाई, हे सुटत न्हाई. कुऱ्हाडच घालावी लागंल."

"घाल की मंग," वहिनी म्हणाल्या.

त्यानं कुऱ्हाड घातली. लाकूड सांध्याच्या शेजारी फुटलं. सांधा तसाच राहिला. दुसऱ्या ठिकाणी घातली. तिथंही तसंच. लाकूडफोड्या ते तुकडे हातात घेऊन फिरवून बघू लागला. "कुणी बांधलं व्हतं वो हे?" त्यानं विचारलं.

"आमच्या यांनीच," वहिनी म्हणाल्या. "कच्चं व्हतं. पडलं ते."

लाकूडफोड्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्या हातातला एक तुकडा घेतला. सांध्यावर बोटाचं पेर ठोकलं, दोन्ही हातांनी पिळून पाहिला. तो हलत नव्हता. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. "काय बघून राह्यलात भावजी?" त्यांनी विचारलं.

"काही न्हाई वहिनी," मी म्हणालो आणि तुकडा ढिगावर टाकला.

त्यांनी त्यातलीच चार लाकडं चुलीत घातली आणि मला चहा करून दिला. मी तो प्यालो.